पावती जपावी, किल्ली जपू नये

(मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत नाशिक येथे केलेले भाषण)



जमाखर्चाचे वाचन होऊन गेल्यावर आणि भोजनाची वेळ जवळ आली असता भाषण ऐकण्याची उमेद फारशी कोणात उरत नाही, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. तथापि आज आम्ही जो विषय घेऊन उभे आहोत, तो हिशेबाचाच एक भाग आहे. मात्र तो ताळेबंदात दिसत नाही. मंडळाजवळ सभासदांचा पैसा किती आहे, हे हिशेबतपासनिसांनी आत्ताच सांगितले. सभासदांची खाजगी माहिती मंडळाजवळ किती आहे, ती कोठे ठेवली आहे आणि कोणाच्या हाती आहे, हे कोणी सांगितले नाही. ते सांगणे माजी खजिनदार या नात्याने आमचे कर्तव्य आहे. कारण ज्या चुकीविषयी बोलावयाचे आहे, तिचा आरंभ आमच्याच हातून झाला.

आपणांस ठाऊक आहेच की, काही वर्षांपूर्वी मंडळाने वृद्ध सभासदांसाठी करभरणा साहाय्याचे काम सुरू केले. मुले पुण्यास, बंगळुरास किंवा परदेशी, आणि घरी दोन म्हातारी माणसे, अशी घरे आपल्या ज्ञातीत आता थोडीथोडकी नाहीत. घरपट्टी वर्षारंभी आगाऊ भरल्यास महानगरपालिका सवलत देते; ती सवलत हातची जाऊ नये, पाणीपट्टीची थकबाकी राहू नये, आयकराचे चलन वेळेवर भरले जावे, एवढाच त्यामागील हेतू. आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी कार्यालयात संगणक मांडला आणि लोकांची फार मोठी सोय झाली.

परंतु दर वेळी कार्ड आणावे, चष्मा विसरावा, पुन्हा घरी जावे, यात वेळ जाऊ लागला. तेव्हा आम्हीच सुचविले की, एक वही करावी व तीत प्रत्येकाचा कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागील बाजूचे तीन अंक टिपून ठेवावेत. म्हणजे घरून दूरध्वनीवर ओटीपी सांगितला की काम होईल. सर्वांना ही युक्ती आवडली. वहीत त्रेचाळीस नावे झाली.

गेल्या वर्षी ही वही दोन दिवस सापडेना. कपाट, टेबल, सभागृह, सर्व शोधून झाले. अखेर ती सापडली छापखान्यात. याच स्मरणिकेच्या मुद्रितांच्या गठ्ठ्यात चुकून बांधली जाऊन ती तेथे गेली होती. कोणाचा एक पैसाही गेला नाही, ही ईश्वराची कृपा. तथापि ते दोन दिवस वही कोणी उघडली, कोणी तिचे छायाचित्र घेतले की नाही, हे सांगण्याचे कोणतेही साधन आम्हांजवळ नव्हते. म्हणून त्रेचाळीस घरी निरोप करावा लागला की, आपले कार्ड बंद करून नवे मागवा. एका मावशींनी आम्हांस रागाचा शब्दही ऐकविला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “तुमच्याकडे आहे म्हणजे घरातच आहे, असे मी धरून चालले होते.” हे वाक्य आमच्या जिव्हारी लागले आणि आजच्या भाषणाचे मूळ तेच आहे.

आता सभेपुढे अशी सूचना आली आहे की, वहीऐवजी हे सर्व क्रमांक संगणकात परवलीच्या शब्दाखाली ठेवावेत. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. तरीही आमचे नम्र मत असे की, कपाट बदलून हा दोष जाणार नाही. ही वस्तू आपण मुळी ठेवूच नये.

बंधुभगिनींनो, लोकांची माहिती जपणे हे काम आपल्या नाशिकक्षेत्रास नवे नाही. रामकुंडावर व त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत. यात्रेकरूने मूळ गाव व आडनाव सांगावे, आणि उपाध्यायांनी वही काढून त्याच्या पणजोबांच्या हातची सही दाखवावी, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. त्या वहीत काय असते? कोण आले, कोणाबरोबर आले, कोणत्या निमित्ताने आले. घराण्याची आठवण असते. घराच्या तिजोरीची किल्ली नसते. जे उपयोगी तेवढेच लिहावे आणि ज्याचे त्यालाच दाखवावे, ही मर्यादा त्या व्यवहारात आहे. म्हणून त्यावरील विश्वास टिकला.

दुसरे उदाहरणही आपल्याच गावचे. नाशिकरोडचे भारत प्रतिभूती मुद्रणालय १९२५ मध्ये स्थापन झाले. त्यापूर्वी आपल्या देशाची टपालतिकिटे लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत. तेव्हापासून टपालतिकिटे, रेव्हेन्यू तिकिटे, मुद्रांकाचे कागद येथे छापले गेले. ‘प्रेसमध्ये नोकरी’ म्हणजे काय, हे नाशिककरास सांगावयास नको. सरकारचा कर कागदाच्या रूपाने गोळा होत असे आणि तो कागद आपल्या गावी जन्मास येत असे. त्याची सारी किंमत एवढ्यात होती की, तो दुसऱ्या कोणास छापता येऊ नये.

अब्दुल करीम तेलगीच्या प्रकरणात हीच गोष्ट मोडली. या मुद्रणालयाने बाद ठरविलेली यंत्रसामग्री त्याने मिळविली, बनावट मुद्रांक छापले आणि अनेक राज्यांत विकले. २००१ मध्ये त्याला अटक झाली. २००६ व २००७ मध्ये शिक्षा झाल्या. २०१७ मध्ये तो मरण पावला. या प्रकरणातून घेण्याचा बोध असा की, छापलेला एखादा गठ्ठा चोरीस गेला तर त्या गठ्ठ्यापुरते नुकसान होते. परंतु छापण्याचे सामर्थ्यच परक्या हाती गेले, तर नुकसानीस सीमा राहत नाही.

कार्डाच्या क्रमांकाचे असेच आहे. पाचशेची नोट हरवली तर पाचशे रुपये गेले. कार्डाचा क्रमांक, मुदत व मागील तीन अंक ही नोट नव्हे, तो नोटेचा ठसा आहे. त्या क्रमांकाचे पहिले सहा ते आठ अंक कार्ड देणाऱ्या बँकेची ओळख पटवितात, मधले खातेदाराचे कार्ड दाखवितात आणि शेवटचा अंक बहुधा पडताळणीचा असतो. त्याला मुदत व तीन अंकांची जोड मिळाली की, दूर बसलेल्या दुकानदारास कार्ड जणू हातीच आले. ‘ओटीपीवाचून काही होत नाही,’ असे कोणी म्हणेल. देशातील व्यवहारांना रिझर्व्ह बँकेने २००९ पासून असे दुसरे कुलूप घातले, हे खरे. परंतु परदेशातील अनेक दुकानांवर ते बंधन नाही. तेथे केवळ एवढ्या अंकांवर रक्कम वळती होऊ शकते. म्हणून आपली वही छापखान्यात पडून होती तेव्हा ओटीपी आपल्या खिशात आहे, या समाधानात फारसा अर्थ नव्हता.

आता ज्यांच्याजवळ पैसा, तज्ज्ञ माणसे आणि मोठी यंत्रणा आहे त्यांची काय गत झाली, तेही पाहावे. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्याच्या महसूल खात्यावर २०१२ मध्ये घाला पडला. प्रारंभ क्षुल्लक होता. एका कर्मचाऱ्याने फसव्या पत्रातील दुवा उघडला आणि त्याचा परवलीचा शब्द चोराच्या हाती गेला. पुढे सुमारे ३८ लाख करदात्यांची माहिती आणि ३३ लाख बँकखात्यांचे तपशील बाहेर गेले. २०११ च्या जनगणनेत आपल्या नाशिक शहराची लोकसंख्या सुमारे पंधरा लाख होती. म्हणजे दोन नाशिके भरून उरतील एवढे लोक. त्यांनी काय अपराध केला होता? त्यांनी इमानेइतबारे कर भरला होता, एवढाच.

आपल्या महाराष्ट्रातही ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बँकेच्या यंत्रणेत शिरकाव करून, नकली डेबिट कार्डांच्या साहाय्याने अनेक देशांतील एटीएममधून अल्पावधीत रकमा काढल्या गेल्या. १९०६ साली स्थापन झालेल्या, शतकाहून अधिक परंपरा असलेल्या बँकेवर हा प्रसंग आला. मग एक कपाट, एक संगणक आणि रविवारी सवडीने येणारे चार कार्यकर्ते एवढ्या बळावर आपण त्रेचाळीस घरांच्या किल्ल्या सांभाळू, असे मानणे हे साहस आहे.

हीच गोष्ट रिझर्व्ह बँकेच्याही ध्यानात आली. पूर्वी अनेक दुकाने ग्राहकाचा संपूर्ण कार्ड क्रमांक आपल्याजवळ साठवून ठेवीत. १ ऑक्टोबर २०२२ पासून ती वहिवाट बंद झाली. कार्ड देणारी बँक व कार्डाचे जाळे चालविणारी संस्था यांखेरीज कोणी मूळ क्रमांक साठवू नये, असा दंडक झाला. नोंदीसाठी शेवटचे चार अंक व बँकेचे नाव ठेवता येते. ज्या दुकानात वारंवार खरेदी होते, तेथे ग्राहकाच्या संमतीने मूळ क्रमांकाऐवजी एक पर्यायी अंक दिला जातो. त्यास टोकन म्हणतात.

ज्येष्ठांना हा शब्द परका नाही. पूर्वी बँकेत पैसे काढावयास गेले की चेक घेऊन खिडकीवरचा कारकून पितळी बिल्ला हाती देई. त्या बिल्ल्यावर त्याच बँकेत, त्याच दिवशी, त्याच खिडकीवर पैसे मिळत. तो रस्त्यात सापडला तरी दुसऱ्या बँकेत त्यास कोणी विचारीत नसे. आजचे टोकनही तसेच आहे. एका दुकानाचे टोकन दुसऱ्या दुकानी चालत नाही. ज्या संस्थांचा धंदाच पैशाच्या देवघेवीचा आहे, त्यांनाही मूळ क्रमांक ठेवण्याची मनाई झाली असता, आपल्या ज्ञातिमंडळाने तो वहीत लिहून ठेवावा, हे केवढे अज्ञान!

आणखी एक गोष्ट सभासदांनी नीट ध्यानी घ्यावी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने फसवणुकीच्या नुकसानीची वाटणी ठरविली. दोष बँकेचा किंवा तिसऱ्या कोणाचा असेल आणि ग्राहकाने सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेस कळविले, तर ग्राहकावर बोजा नाही. परंतु ग्राहकाने स्वतःच आपली गुप्त माहिती दुसऱ्यास दिली असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे सारे नुकसान त्याचे. म्हणजे आमच्या वहीमुळे एखाद्या मावशींचे पैसे गेले असते तर बँकेने त्यांनाच विचारले असते की, हे अंक आपण दुसऱ्यास का दिलेत? ‘मंडळाच्या खजिनदारांनी मागितले म्हणून,’ एवढेच उत्तर त्या बिचारीजवळ होते. सेवा करावयास निघालेल्या आम्ही त्यांचे संरक्षणच काढून घेतले होते.

कायद्याचेही पाऊल पुढे पडले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात, खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे असे एकमताने सांगितले. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून मुख्य बंधनांसाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. या कायद्याने माहिती बाळगणाऱ्यास जो शब्द वापरला आहे, त्याचा अर्थ विश्वस्त असाच होतो. माहिती कशासाठी हवी ते स्पष्ट सांगून संमती घ्यावी. त्याच कामासाठी ती वापरावी. काम संपल्यावर पुसून टाकावी. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती परत घेणे सोपे असावे. माहिती फुटली तर ज्याची त्यास कळवावे. संमतीची सूचना मराठीतही मागता येते. माहितीच्या रक्षणात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा मोठमोठ्या कंपन्यांकडे पाहून ठरविला असेल. परंतु कर्तव्य लहानांसही आहे. मंडळाच्या मिळकतीचे विश्वस्त आपण आहोतच. सभासदांच्या माहितीचेही विश्वस्त आहोत, एवढेच नव्याने शिकावयाचे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. ज्यांचे हात कापतात, ज्यांना अंक दिसत नाहीत, ज्यांची मुले सातासमुद्रापार आहेत, त्यांनी काय करावे? वही बंद म्हणजे मदत बंद, असे व्हावयाचे काय?

मुळीच नाही. कर भरावयास खरोखर काय लागते, याचा विचार आम्ही त्या वेळी केला नव्हता. आता केला आहे. घरपट्टीस मालमत्तेचा क्रमांक लागतो. पाणीपट्टीस जोडणीचा क्रमांक लागतो. आयकरास पॅन लागतो. हे क्रमांक देण्याचे आहेत. त्यांवरून कोणास पैसे काढता येत नाहीत. आईच्या घरपट्टीचे बिल बंगळुरचा मुलगा तेथे बसून आपल्या कार्डाने भरू शकतो. त्यास फक्त बिलाचा क्रमांक व शेवटची तारीख कळविणारा कोणी हवा. ते काम मंडळाने आनंदाने करावे. ज्यास रोख किंवा धनादेशाने भरावयाचे असेल, त्याच्याबरोबर एखादा तरुण महापालिकेच्या भरणा केंद्रावर जावा. ज्यास कार्डानेच भरावयाचे असेल, त्याने कार्ड घेऊन कार्यालयात यावे किंवा कार्यकर्त्याने त्याच्या घरी जावे. अंक मालकाने स्वतः टिपावेत, ओटीपी त्यानेच वाचावा आणि कार्ड त्याच्याच खिशात परत जावे.

भरणा करताना पडद्यावर ‘हे कार्ड पुढील वेळेसाठी जतन करू का?’ असा प्रश्न पुष्कळदा येतो. रोजच्या दुधाचे पैसे भरावयाचे असते तर गोष्ट निराळी. घरपट्टी वर्षातून एकदा किंवा दोनदा भरावयाची. दोन मिनिटांचे टंकन वाचविण्यासाठी वर्षभर दार किलकिले ठेवण्याचे कारण नाही. तेथे नकार द्यावा.

कर भरल्यावर मात्र एक वस्तू अवश्य जपावी. ती म्हणजे पावती. पैसे गेले आणि बिल थकीतच दिसते, असे झाल्यास पावतीवरील क्रमांक हाच आधार. आम्ही वर्षानुवर्षे नेमके उलटे केले. पावत्या टेबलाच्या खणात विखुरलेल्या आणि किल्ल्या मात्र सुवाच्य अक्षरात वहीत!

म्हणून आम्ही सभेपुढे पुढील गोष्टी ठेवतो.

पहिली, ती वही आज सभा संपल्यावर दोन सभासदांसमक्ष नष्ट करावी. कोणाच्या मोबाईलमध्ये वा संगणकात तिची प्रत असेल, तीही पुसावी, आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी.

दुसरी, करभरणा साहाय्य चालू ठेवावे. परंतु मंडळाजवळ केवळ बिलाचा क्रमांक, मुदत व संपर्क, तेही लेखी संमतीने, राहावेत. भरलेल्या कराची पावती घरोघरी पोचती करावी.

तिसरी, या स्मरणिकेतील वधूवर सूचीकडेही लक्ष द्यावे. जन्मतारीख, जन्मवेळ, वडिलांचा दूरध्वनी, नोकरी, पगार, पत्ता हे सारे आपण हौसेने छापतो. फसविणाऱ्यास बँकेचा अधिकारी म्हणून बोलावयास याहून अधिक काय हवे? छापण्यापूर्वी संबंधित मुलामुलीची संमती घ्यावी. जन्मवेळ व पगार मागणाऱ्या कुटुंबास समक्ष द्यावा. विवाह ठरताच नाव काढावे.

चौथी, ज्येष्ठांसाठी वर्षातून एकदा वर्ग घ्यावा. कार्डाचा परदेशातील वापर बंद कसा ठेवावा, रकमेची मर्यादा कशी घालावी, ही सोय २०२० पासून बँकांनी देणे बंधनकारक झाले आहे. पण ती आपल्या घरांत फारशी कोणी वापरीत नाही. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता तत्काळ बँकेस आणि १९३० या क्रमांकावर कळवावे, हेही तेथे शिकवावे. आपल्याकडे पैसे गेल्यापेक्षा ‘लोक काय म्हणतील’ याचे दुःख मोठे असते आणि त्या दुःखात मोलाचे तास निघून जातात.

कोणी म्हणेल, आपल्याच माणसांवर एवढा अविश्वास कशाला? आमच्या कार्यकर्त्यांच्या सचोटीविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. प्रेसमधील प्रामाणिक कामगारही फाटकावर झडती देऊन बाहेर पडत असे आणि त्यात त्यास अपमान वाटत नसे. उलट, काही गहाळ झाले तर संशय आपल्यावर येणार नाही, हा त्यास दिलासा असे. वही नसेल तर उद्या कोणाचे पैसे गेले असता आपल्या तरुणांकडे कोणी बोट दाखविणार नाही. सभासदाइतकेच हे त्यांचेही संरक्षण आहे.

त्या मावशी आज सभेस आल्या आहेत. त्यांच्या समक्ष आमची चूक आम्ही कबूल केली, त्यामुळे मनावरील भार हलका झाला. ‘तुमच्याकडे आहे म्हणजे घरातच आहे,’ हा त्यांचा विश्वास मंडळाच्या साऱ्या ठेवींहून मोठा आहे. तो टिकवावयाचा असेल, तर जे घरातच असावयास हवे ते घरातच राहू द्यावे, आणि आपण त्यांच्या दारी हात द्यावयास जावे.

 ठराव मंजूर करावा, ही नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.